दारव्ह्याच्या हॉटेलवाल्या मामी

मामींनी कामाला लावलं नाही असा मनुष्य दारव्ह्यात जन्माला आलेला नव्हता. बाहेरून कोणी आलाच, तर मोटार स्टँडवर उतरल्यापासून अर्ध्या तासात तो मामींच्या हॉटेलात काहीतरी निवडत, पुसत नाहीतर धरून उभा असलेला दिसे. मी स्वतः त्यातलीच. मुलींच्या शाळेत नोकरी लागली म्हणून वर्ध्याहून पहिल्यांदा या गावी आले तेव्हा वय बावीस, हातात ट्रंक आणि पोटात सकाळपासून काही नाही. स्टँडसमोर पत्र्याचं छप्पर, चार बाकडी आणि चुलीचा धूर एवढं दिसलं. बाईमाणसानं हॉटेलात एकटीनं बसायचं नसतं हे मला चांगलं माहीत होतं, पण भूक काही ऐकेना. दारातूनच मी दबकत विचारलं, "चहा मिळेल का?" आतून एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई पदर कमरेला खोचत बाहेर आली. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "भेटन नं. बसा. तोवर एवढी मेथी निवडून टाका." मी निवडली. शेजारी एक गणवेशातला पोलीस जमादार लसूण सोलत बसला होता. वरून हुकूम आल्यासारखा गंभीर चेहरा करून सोलत होता. मेथी संपली तेव्हा चहा आला, चहाबरोबर न मागितलेली भाकरी आणि झुणका आला, आणि दुसऱ्या दिवसापासून माझं दोन्ही वेळचं जेवण तिथंच ठरून गेलं. आमच्या हेडमिस्ट्रेस बाईंना हे पसंत पडलं नाही. शिक्षिकेनं हॉटेलात जेवणं शोभत नाही, असं त्या म्हणाल्या. मी ते मामींच्या कानावर घातलं. मामींनी त्याच दुपारी कोठीतली पोती हलवून एक खोली रिकामी केली, दाराला फुलाफुलांचा पडदा लावला आणि मला सांगितलं, "हे बायांची खोली. सांगा तुमच्या मोठ्या बाईले, त्याह्यलेही भूक लागली तं या म्हणा." महिन्याभरात हेडमिस्ट्रेस बाई तिथं गोळाभात खाऊन गेल्या, आणि जाताना त्यांनी चार वाट्या विसळल्या, हे मी शाळेत कोणाला सांगितलं नाही.

मामी नेमक्या कोणाच्या मामी होत्या याचा शोध मला लागला नाही. त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे म्हातारेही त्यांना मामीच म्हणत. हॉटेल मूळचं त्यांच्या यजमानांचं. ते गेले तेव्हा मागं राहिलं ते हे छप्पर, बाकडी आणि एक आचारी. हा आचारी मसाला भाजायचा तो दाराला आतून कडी लावून. मामींनी कारभार हाती घेतल्यावर आठव्या दिवशी त्यानं जाहीर केलं की आपण बाईच्या हुकमात राहणार नाही. तो गेला आणि त्याच्याबरोबर रस्सा गेला, भाजी गेली, वड्यांचं पीठ भिजवायची रीत गेली. तीन दिवस मामींनी गावाला नुसतं पिठलं-भाकरी खाऊ घातली. त्या तीन दिवसांचा राग त्यांच्या मनातून कधी गेला नाही. "चव मुठीत धरून ठेवते तो माणूस कामाचा नाही," असं त्या म्हणत, आणि पुढं त्यांनी जे जे विचित्र कायदे केले ते सगळे या एका रागातून निघाले. पहिला कायदा म्हणजे मसाला भाजायची चूल मागच्या खोलीतून उचलून थेट रस्त्याकडेला आणली. कोणीही यावं, पाहावं, विचारावं. सगळ्या स्टँडला ठसका लागायचा, पण गुपित म्हणून काही उरलं नाही.

दुसरा कायदा त्याहून भयंकर. हॉटेलात कामाला सगळ्या बायाच, आणि दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येकीचं काम बदलायचं. भाकरीवाली चहावर, चहावाली भाजीवर, भाजीवाली वाढायला, वाढणारी भांड्यांवर. जमनी नावाची एक बंजाऱ्यांच्या तांड्यावरची बाई होती. तिच्या हातची भाकरी थाळीबाहेर जायची आणि तरी कडेला कुठं चीर नसायची. मामींनी तिला त्या भाकरीवरून उठवून चहावर बसवलं. पहिल्या दिवशी तिनं चहात साखरेऐवजी मीठ घातलं, दुसऱ्या दिवशी दोन्ही घातलं. गिऱ्हाइकं ओरडली. दुसरा कोणी मालक असता तर तिला हलवून मोकळा झाला असता. मामी बाकड्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हे बाई या महिन्यात चाहा शिकून राह्यली. पेत असान तं प्या, नाहीतं पाणी प्या. पुढच्या महिन्यात चांगला होईन." आणि गंमत अशी की लोक प्यायले. एवढंच नाही, जमनीचा चहा कधी सुधारतो यावर स्टँडवर पैजा लागल्या, आणि ज्या दिवशी तो खरोखर जमला त्या दिवशी एका ड्रायव्हरनं आनंदानं हॉर्न वाजवला. जमनीनं मामींना तिच्या बोलीत 'याडी', म्हणजे आई, म्हणायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

चुकलेल्या बाईला मामी कधी बोलल्या नाहीत. त्या कढईला बोलत. "ह्या कढईले अक्कल नाही, तेल तापू देत नाही आन् मोहरी टाकते," असं कढईकडे पाहून मोठ्यानं म्हणत, आणि कढईमागे उभी असलेली बाई कानापर्यंत लाल व्हायची. फारच मोठी चूक असली तर त्या परसातल्या विहिरीपाशी जात आणि आत वाकून मनसोक्त ओरडत. विहिरीतून त्यांचा आवाज दुप्पट होऊन स्टँडपर्यंत जाई. मी एकदा विचारलं, की सरळ त्या बाईलाच का सांगत नाही? मामी म्हणाल्या, "माणसाले बोललं तं माणूस मोडते, मास्तरीणबाई. विहीर कायले मोडन?" कौतुकाचीही त्यांची एकच पद्धत होती. एखादीनं काही फार सुरेख केलं की मामी तिच्यासमोर उकिडव्या बसत आणि म्हणत, "हे कसं केलं वं? मले शिकव." रुक्मा नावाची एक पन्नाशीची, फार सोवळ्याओवळ्याची बाई होती. तिच्या कढीबद्दल मामींनी एकदा असं विचारलं, तर ती पदरात तोंड घालून रडायला लागली. आयुष्यात तिला कोणी काही विचारलंच नव्हतं.

तुळसा आली ती मी आल्याच्या दुसऱ्या वर्षी. उंच, सावळी, मोजकं बोलणारी. तिची थोरली मुलगी माझ्या वर्गात होती. तिच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. नवरा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. मामींना भांड्यांवर एक बाई हवीच होती. भांडी परसात असतात म्हणून मामींनी सवयीनं मागच्या दाराकडे बोट दाखवलं. तुळसा समोरच्या उंबऱ्यापाशीच उभी राहिली. "मी समोरून येईन, मामी," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, पण जागची हललीही नाही. मामींनी तिच्याकडे एवढा वेळ पाहिलं की माझा घास हातातच राहिला. मग त्या म्हणाल्या, "ये मंग. पाय पुसून ये, आताच सारवलं."

आता मामींचा तिसरा कायदा सांगायला हवा. दर सोमवारी दुपारी हॉटेलातल्या एका बाईनं न्हाऊन-धुऊन, चांगलं लुगडं नेसून गिऱ्हाईक व्हायचं. पुढच्या बाकड्यावर बसायचं, बाकीच्यांनी तिला वाढायचं आणि तिनं जेवणातल्या निदान तीन चुका काढायच्याच. "खाल्ल्याशिवाय वाढता येत नाही," असं मामींचं म्हणणं. सुरुवातीला बाया लाजून मान वर करत नसत. पुढं पुढं अशा काही चुका काढत की पाहायला गर्दी जमे. तुळसाचा सोमवार आला तेव्हा मात्र सकाळपासून हॉटेल गप्प होतं. ती धुवट पांढरं लुगडं नेसून आली आणि समोरच्या बाकड्यावर बसली. वाढायची पाळी रुक्माची. रुक्मा ताट घेऊन निघाली आणि मध्येच थांबली. मामी जवळ गेल्या. मला वाटलं, आता विहिरीशिवाय गत्यंतर नाही. पण त्यांनी तिच्या हातातलं ताट हळूच काढून घेतलं. "तू नोको वाढू, रुक्मे. तू बस तिच्या बाजूले. तुम्हा दोघीले मीच वाढतो." रुक्मा बसली. बरंच अंतर ठेवून, अंग चोरून, पण बसली. मामींनी दोघींना सारखं वाढलं. तुळसानं पहिला घास घेतला आणि खाली पाहूनच म्हणाली, "वरणात मीठ कमी हाय." कोणीतरी फिस्सकन हसलं. रुक्मानं चव घेतली आणि पुटपुटली, "हाव. कमीच हाय."

त्याच वेळी पलीकडच्या बाकड्यावरचे अडतदुकानवाले शेटजी उठले. कापसाच्या हंगामात गाड्यांवरचे पंचवीस-तीस लोक त्यांच्या शब्दावर मामींकडे जेवत. शेटजींनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "मामी, हे बरं नाही केलं." मामी म्हणाल्या, "शेटजी, पान पुरं करा आन् मंग रागवा. अन्नानं काय केलं तुमचं?" शेटजी गेले. दुसऱ्या दिवशी गाड्यांवरचे गेले, तिसऱ्या दिवशी बाजारातले गेले. आठवड्यानं हॉटेलात उरलो आम्ही शाळेच्या दोघीतिघी, तो जमादार आणि ज्यांना गावच्या भानगडी ठाऊक नव्हत्या असे मोटारीतले उतारू. मामींचे धाकटे दीर समजवायला आले. म्हणाले, "वहिनी, तिले काढा असं कोणी म्हणत नाही. मागं भांड्यावर राहू द्या, एवढंच." मामी म्हणाल्या, "भांडे घासायले तिचा हात चालते, आन् भाकर थापायले चालत नाही? हात तं तोच हाय नं, भाऊजी?" दिरांनी यावर बराच विचार केला. त्यांचा विचार होईपर्यंत मामींनी त्यांच्याकडून दोन पोती तूर उन्हात पसरून घेतली.

पण खरी कठीण वेळ आली ती तुळसा स्वतः आली तेव्हा. बायांच्या खोलीत मी वह्या तपासत होते. पडद्यापलीकडचं मला सगळं ऐकू आलं. "मी जातो, मामी. माह्यापायी तुमचं हाटेल बसलं." मग मामींचा आवाज आला, "जायचं असन तं जाय. पण एक तारखेपासून तुही पाळी चुलीची हाय. चूल शिकून जाय. अर्धं शिकलेलं माणूस मी बाहेर जाऊ देत नाही, माह्यं नाव खराब होते." "शिकून काय करू? माह्या हातचं खाईन कोण?" "मी खाईन. हे मास्तरीण खाईन. जमादार तं काहीही खाते." त्यानंतर मला कोणी हसल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ रडल्याचा. दोन्ही एकाच बाईचे होते. एक तारखेला तुळसा चुलीपुढं बसली. त्या दिवशीची वांग्याची भाजी करपली होती. मामींनी कढईला पुष्कळ बोलून घेतलं.

रिकाम्या हॉटेलात लोक माशा मारतात. मामींनी कवायत सुरू केली. "गिऱ्हाईक नाही तं शिकून घ्या. मंग टाइम भेटणार नाही," त्या म्हणाल्या, हॉटेल उद्याच तुडुंब भरणार असल्यासारख्या. मोटार स्टँडवर वीस मिनिटं थांबते. वीस मिनिटांत चाळीस माणसं जेवून उठली पाहिजेत, असं त्यांचं गणित. माझं घड्याळ कामाला लागलं. माझ्या वर्गातल्या मुली उतारू झाल्या. "मोटार आली!" असं मी ओरडायची, की मुली धावत येऊन बाकड्यांवर बसत, रिकाम्या थाळ्या फिरत, रिकाम्या डावातून हवा वाढली जाई, आणि एखादी कारटी "मला तिखट लागलं!" म्हणून बोंब मारी. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत फक्त सात जणी 'जेवल्या'. संध्याकाळी मी तुळसाला आणि जमनीला पाटीवर अक्षरं शिकवायची. हेही मामींनीच मला नेमून दिलेलं. दोन महिन्यांत तुळसा दारावरच्या फळ्यावर आजची भाजी लिहायला लागली. मामी फळ्यापुढं उभ्या राहत, एक अक्षर कळत नसताना मान हलवत आणि म्हणत, "मले शिकव." पण स्वतः शिकायला मात्र कधी बसल्या नाहीत. त्यांना टाइम भेटला नाही.

त्याच्या पुढच्या श्रावणात मामी केळापूरच्या बाजूला, आजारी बहिणीला पाहायला गेल्या. जाताना कारभार कोणाकडे, तर ज्या बाईची चुलीची पाळी तिच्याकडे. आणि पाळी होती तुळसाची. दुसऱ्या दिवशी दुपारी यवतमाळच्या रस्त्यावरच्या नाल्याला पूर आला. एक मोटार परत फिरली, मागून दुसरी आली, तिसरी आली. पाऊण तासात शेसव्वाशे माणसं भिजून, कावून हॉटेलासमोर उभी. मी शाळेतून धावत गेले. तुळसा मधोमध उभी होती, अगदी मामींसारखा पदर खोचून. लेकुरवाळ्या आधी बसतील, चाळीसच्या पंगती होतील, आणि हात रिकामे असतील त्यांनी लाकडं आत आणावीत, असं तिनं एका दमात सांगितलं. जमनी भाकऱ्या थापत होती, रुक्मा पाणी घालून वरण पुन्हा पुन्हा वाढवत होती. पीठ संपलं तेव्हा कण्या रांधल्या. दुसऱ्या पंगतीत एका धोतरवाल्या गृहस्थांनी हात आखडता घेऊन विचारलं, "कोणाच्या हातचं हाय हे?" रुक्मा तिथंच वाढत होती. ती तुळसाकडे बघायला लागली. तुळसानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "माह्या हातचं. आमी बौद्ध हावो. खायचं असन तं बसा, नसन तं जागा द्या. मागं लेकरं उभे हायत." तिघं उठले. त्यांच्या जागी तान्ही मुलं घेतलेल्या दोन बाया आणि एक म्हातारा लगेच बसले. उठलेल्यांपैकी एक जण दिवस मावळायच्या आधी परत आला आणि मान खाली घालून कण्या खाऊन गेला. दुसरे दोघं नाही आले. ते उपाशीच राहिले असतील.

मामी तिसऱ्या दिवशी, पाणी उतरल्यावर, गुडघाभर चिखलानं माखून पोचल्या. हॉटेल सारवलेलं, भांडी उपडी घातलेली, चुलीवर चहा. त्यांनी सगळी हकीकत उभ्यानं ऐकली. "मले सांगावा काहून नाही धाडला?" त्यांनी विचारलं. "याडी, फुरसत कोणाले होती?" जमनी म्हणाली. मामींनी एकेक झाकण उघडून पाहिलं, कोठीत डोकावल्या, भाकरीचा तवा उलटा करून त्याची मागची बाजू तपासली. कुठं काही चुकलेलं सापडेना. शेवटी त्या परसात गेल्या आणि विहिरीत वाकून पुष्कळ वेळ ओरडत राहिल्या. काय ओरडल्या ते पावसात आम्हाला ऐकू आलं नाही. परत आल्या तेव्हा डोळे लाल होते आणि चेहरा भलता खूष होता. तुळसासमोर उकिडव्या बसून त्या म्हणाल्या, "शेसव्वाशे माणूस? कसं केलं वं? मले शिकव."

गाव हळूहळू परत आलं. शेटजी कधीच आले नाहीत. त्यांच्या घरच्या बाया मात्र पडद्याआडच्या खोलीत येऊन वडाभात खाऊन जात. पण हॉटेल भरलं तसं दुसरंच काही सुरू झालं. मामींच्या बाया जायला लागल्या. जमनीनं तांड्याच्या रस्त्यावर स्वतःची चहाची टपरी टाकली. मागून आलेल्या दोघी लग्नाच्या स्वयंपाकाची कामं धरू लागल्या. गावातले हॉटेलवाले मामींना हसत. इतकं शिकवून माणसं बाहेर सोडायची म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं त्यांचं मत. मामी एकेकीला स्टँडवर पोचवायला जात आणि दुसऱ्या दिवशी नवीन, काहीच न येणारी बाई आणून चहावर बसवत. तुळसा सगळ्यांत शेवटी गेली. यवतमाळला कचेऱ्यांजवळ तिनं भाड्यानं जागा घेतली, खानावळ काढायची ठरवली. जायच्या दिवशी मोटार सुटेपर्यंत मामी तिला खिडकीतून तुरीच्या डाळीबद्दल काहीतरी सांगत होत्या.

पंधरा दिवसांनी दुपारच्या वेळी मामी बायांच्या खोलीत आल्या. मी जेवून बसले होते. त्यांनी माझ्यापुढं एक कोरं कार्ड ठेवलं. "लिवा, मास्तरीणबाई. तुळसाले." मी लिहायला घेतलं. वरणाला हिंग किती, लाकडं कोणाकडून घ्यायची, पावसाळ्यात पीठ कुठं ठेवायचं, पहिल्या महिन्यात गिऱ्हाईक नाही आलं तर घाबरायचं नाही, हे सगळं त्यांनी सांगितलं आणि मी बारीक अक्षरात बसवलं. तळाशी एक ओळ उरली. मी विचारलं, "आठवण येते, असं लिहू का?"

"नोको," मामी एकदम म्हणाल्या. "तिकडची खानावळ टाकून येईन ते."

"मग काय लिहू?"

त्या पडद्याकडे पाहत बसल्या. पलीकडे नव्या बाया काम करत होत्या. कोणीतरी पळी आपटली, कोणीतरी हसलं. मामींनी माझ्या हातातलं कार्ड घेतलं. उलटसुलट करून पाहिलं. तुळसाचं नाव कुठं आहे ते मला विचारलं आणि त्यावरून जाड बोट एकदा फिरवलं.

"लिवा," त्या म्हणाल्या, "इकडं समदं बरं हाय." आणि मी लिहायला लागले तेव्हा हळूच म्हणाल्या, "खरं मानन नं तुळसा?"